विशेषणातील तरतमभाव : इंग्रजी आणि मराठी

मुंबई उपनगर जिल्ह्यातील मनोरी हे गाव खाडीपलीकडे वसलेले आहे. मालाडच्या बाजूने मार्वे येथे येऊन फेरीबोटीत बसले, की थोड्याच मिनिटांत मनोरीचा किनारा लागतो. जमिनीवरून जावयाचे तर भाईंदर व उत्तन असा मोठा वळसा पडतो. 'रस्त्यापेक्षा खाडीची वाट जवळची' हे वाक्य तेथील कोणाच्याही तोंडी सहज येईल. हाच आशय इंग्रजीत मांडताना मात्र 'शॉर्ट' हे विशेषण जसेच्या तसे ठेवून भागत नाही. त्याचे 'शॉर्टर' करावे लागते. मराठीतील 'जवळची' ह्या शब्दात तुलनेचे कोणतेही चिन्ह नाही. त्यातील 'ची' आली आहे ती 'वाट' हे नाम स्त्रीलिंगी असल्यामुळे. तुलनेचा सारा भार 'पेक्षा' ह्या शब्दयोगी अव्ययाने उचलला आहे.

दोन्ही भाषांतील मूलभूत भेद ह्या एका वाक्यात दिसून येतो. मराठीतील विकारी विशेषण लिंग, वचन व विभक्ती ह्यांनुसार बदलते, परंतु तरतमभावाने बदलत नाही. इंग्रजी विशेषण नेमके ह्याच्या उलट वागते : लिंगवचनाने ते कधीही बदलत नाही, तरतमभावाने मात्र बदलते. मराठीत तुलनेचे चिन्ह ज्याच्याशी तुलना करावयाची त्या नामाला लागते, इंग्रजीत ते विशेषणालाच लागते. मराठी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनातील तुलनाविषयक चुका बहुतांशी ह्या भेदातून उद्भवतात.

इंग्रजीतील रूपसिद्धीचा नियम शब्दाच्या लांबीवर अवलंबून आहे. एकावयवी विशेषणाला तरभावासाठी 'अर' व तमभावासाठी 'एस्ट' हे प्रत्यय लागतात : 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट'. आखूड स्वरानंतर एकच व्यंजन असल्यास लेखनात त्या व्यंजनाचे द्वित्व होते, जसे 'बिग'चे 'बिगर'. 'हॅपी'सारखे, शेवटी 'वाय' हे अक्षर असलेले द्व्यवयवी शब्दही प्रत्ययच घेतात; तेथे 'वाय'च्या जागी 'आय' येतो. त्याहून लांब शब्दांपूर्वी 'मोअर' व 'मोस्ट' हे स्वतंत्र शब्द योजतात. 'सिंपल', 'नॅरो', 'क्लेव्हर' अशा काही द्व्यवयवी शब्दांस दोन्ही पद्धती चालतात. 'गुड, बेटर, बेस्ट' ह्यांसारख्या मोजक्या शब्दांत मूळ धातूच बदलतो. प्रत्ययांची पद्धती जर्मानिक कुळाकडून आलेली, तर 'मोअर'ची पद्धती मध्ययुगीन इंग्रजीत रूढ झालेली आहे.

'एस्ट' हा प्रत्यय मराठी वाचकास वाटतो तितका परका नाही. संस्कृतातील 'इष्ठ' हा प्रत्यय त्याचा सगोत्र होय. 'स्वीटेस्ट' आणि 'स्वादिष्ठ' हे दोन शब्द धातू व प्रत्यय ह्या दोन्ही अंगांनी एकाच मुळापासून निघालेले आहेत. 'श्रेष्ठ', 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ', 'वरिष्ठ' हे शब्द ह्याच घडणीचे. 'तर' व 'तम' ही संस्कृतातील दुसरी जोडी. तिच्यापासूनच 'तरतमभाव' ही संज्ञा बनली. शालेय गणितातील 'लघुतम साधारण विभाज्य' व 'महत्तम साधारण विभाजक' ह्यांत 'तम' आजही स्पष्ट दिसतो.

परंतु मराठीत हे शब्द तयार रूपात आले; प्रत्यय म्हणून ते देशी विशेषणांना लागू शकले नाहीत. 'मोठातर' वा 'लहानतम' कोणी म्हणत नाही. शिवाय, पुष्कळ शब्दांतील प्रत्ययाचा अर्थ झिजून गेला. 'स्वादिष्ट' (आता ह्याच लेखनात रूढ) म्हणजे केवळ रुचकर. म्हणून 'अधिक स्वादिष्ट' म्हणताना द्विरुक्तीची जाणीव होत नाही. फारसीतून आलेला 'बेहत्तर' हा शब्द मूळचा 'अधिक चांगले' अशा अर्थाचा. 'प्राण गेला तरी बेहत्तर' ह्या प्रयोगात तुलनेची खूणही उरलेली नाही. त्याचे इंग्रजी 'बेटर'शी दिसणारे साम्य केवळ योगायोगाचे आहे. अशी झीज इंग्रजीतही झाली. 'निअर' हे रूप मूळचे 'नाय' ह्या शब्दाचे तरभावी रूप आणि 'नेक्स्ट' हे त्याचेच तमभावी रूप. तरभाव विसरला गेल्यावर 'निअर'ला पुन्हा प्रत्यय लावून 'निअरर' सिद्ध झाले. संस्कृतातही 'श्रेष्ठ'वर 'तम' चढवून 'श्रेष्ठतम' झालेच होते.

प्रत्यय निरुपयोगी झाल्यावर मराठीने तुलनेसाठी नामाकडे धाव घेतली. 'हून' हा पंचमीचा प्रत्यय वियोग दाखवितो : 'रामाहून उंच' म्हणजे रामापासून मोजता उंच. 'पेक्षा' हा संस्कृत 'अपेक्षा' ह्या शब्दापासून आला. 'रामाच्या अपेक्षेने उंच' हा त्याचा मूळ भाव. ग्रामीण मराठीत ह्याच कामी 'परीस' येतो आणि कोकणीत 'परस'. तमभाव 'सर्वांत', 'सर्वांहून' ह्या शब्दांनी किंवा 'मोठ्यात मोठा' अशा द्विरुक्तीने व्यक्त होतो. ही व्यवस्था अपूर्ण नव्हे. लिओन स्टासेन ह्यांच्या 1985 मधील तुलनात्मक ग्रंथात जगातील अनेक भाषांच्या तुलनारचनांचे वर्गीकरण आहे. त्यात वियोगदर्शक रचना हा एक प्रमुख वर्ग ठरतो. मराठीची 'हून'ची रचना त्याच वर्गात बसते.

आता चुकांकडे वळता येईल. 'पेक्षा' असला की तुलना पूर्ण झाली, ह्या संस्कारामुळे 'धिस इज बिग दॅन दॅट' असे वाक्य लिहिले जाते. 'अधिक चांगले' ह्याचे शब्दशः रूपांतर 'मोअर बेटर' होते. शेक्सपिअरच्या नाटकांत अशी दुहेरी रूपे आढळतात, परंतु आजच्या प्रमाण इंग्रजीत ती अग्राह्य आहेत. 'हून'च्या प्रभावाने 'दॅन'च्या जागी 'फ्रॉम' येतो. उलट, 'दॅन'चा नियम पाठ झाल्यावर तो 'सीनिअर', 'ज्युनिअर', 'सुपीरिअर' ह्यांनाही लावला जातो. हे शब्द लॅटिनमधील तयार तरभावी रूपे असल्याने त्यांच्यापुढे 'टू' हवा.

ह्याहून सूक्ष्म चूक तुल्य वस्तूंची आहे. 2011 च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 93.6 लाख व मुंबई शहर जिल्ह्याची सुमारे 30.9 लाख होती. 'उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या शहर जिल्ह्यापेक्षा अधिक आहे' हे मराठी वाक्य कोणासही खटकत नाही. काटेकोर इंग्रजीत मात्र लोकसंख्येची तुलना लोकसंख्येशीच व्हावी लागते. म्हणून 'दॅन दॅट ऑफ' अशी रचना करणे प्राप्त होते. प्रबंधलेखनात ह्या दोन शब्दांच्या अभावी विधानाचा अर्थच संदिग्ध होतो.

तमभावातील एक चूक तर व्यवहारात हानिकारक ठरू शकते. 'उत्तर लवकरात लवकर पाठवावे' ह्या कचेरीतील वाक्याचे भारतीय इंग्रजीत 'अ‍ॅट द अर्लिएस्ट' असे रूपांतर रूढ आहे. मराठी द्विरुक्तीत शक्यतेची परिसीमा आणि निकड आहे. इंग्लंड-अमेरिकेतील वाचक मात्र त्या शब्दसमूहातून अलीकडची मर्यादा समजतो. 'मंगळवारी, अ‍ॅट द अर्लिएस्ट' म्हणजे मंगळवारच्या आधी नाही. घाईची सूचना त्याला सवलत वाटण्याचा संभव असतो. तेथे 'अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल' हीच योग्य योजना. 'कमीत कमी' व 'जास्तीत जास्त' ह्यांचे 'अ‍ॅट लीस्ट' व 'अ‍ॅट मोस्ट' हे पर्याय मात्र बिनचूक आहेत. साम्य एका ठिकाणी खरे ठरले म्हणून ते सर्वत्र लागू पडत नाही.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना मराठी वाक्यावरून इंग्रजी वाक्य रचण्यास शिकविले. त्या मार्गाने जाणाऱ्या अभ्यासकाने शब्दास शब्द शोधण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारणे हितावह होय : ह्या वाक्यात तुलनेचे चिन्ह कोठे आहे? मराठीत ते नामावर सापडेल. इंग्रजीत ते विशेषणावर न्यावे लागेल. हे स्थलांतर ध्यानात आले, म्हणजे नियमांची लांब यादी पाठ करण्याचे पुष्कळसे श्रम वाचतात आणि 'तीन अवस्था' हे इंग्रजी व्याकरणाचे कोष्टक मराठी विशेषणांवर लादण्याचा मोहही आवरतो.