बिग बॉस खरं की ठरवलेलं?

'बिग बॉस स्क्रिप्टेड असतं का हो?' हा प्रश्न दर सीझनला येतोच. 🎥

मूळ कार्यक्रम नेदरलँड्सचा. 'बिग ब्रदर' तिथे १९९९ मध्ये सुरू झाला. हिंदी 'बिग बॉस' २००६ मध्ये आलं, मराठी २०१८ मध्ये. मराठीची पहिली विजेती मेघा धाडे.

👉 संवाद पाठ करून घ्यायची गरजच नसते. परिस्थिती मात्र विचारपूर्वक घडवलेली असते. फोन नाही, घड्याळ नाही, बाहेरची बातमी नाही. वर मोजकं रेशन, टास्क आणि नॉमिनेशन. अशा कोंडीत माणसं भांडणारच!

👉 खरी कारागिरी एडिटिंगची. चोवीस तासांच्या चित्रीकरणातून आपल्याला साधारण तासाभराचा भाग दिसतो. काय ठेवायचं, कुणाची प्रतिक्रिया कशाला जोडायची, यावर कोण नायक आणि कोण खलनायक हे बरंचसं ठरतं.

तरीही मला हा प्रकार मनापासून आवडतो. कारण आठवडेच्या आठवडे कॅमेऱ्यासमोर मुखवटा सांभाळणं कठीण असतं, खरा माणूस कधीतरी दिसतोच. २०२४ मध्ये मराठी बिग बॉस सूरज चव्हाण जिंकला, तेव्हा अनेकांनी त्याच्या साधेपणालाच मत दिलं.

पुढचा भाग बघताना भांडणाआधीचं काय कापलं असेल, याचा नक्की विचार करा. 👇 तुम्हाला सगळ्यात खरा वाटलेला स्पर्धक कोण?

#बिगबॉसमराठी #रिअ‍ॅलिटीशो