घरातली जुनी मोटरसायकल : दुरुस्त करावी की जपून ठेवावी?

अनेक घरांच्या पडवीत किंवा जिन्याखाली ताडपत्रीने झाकलेली एखादी जुनी मोटरसायकल उभी असते. वडिलांनी किंवा आजोबांनी ती नोकरी लागल्यावर घेतलेली असते. ती चालवणारे माणूस थकते किंवा जाते आणि गाडी तिथेच राहते. भंगारवाला वजनावर भाव सांगतो, मेकॅनिक ‘करून देतो नव्यासारखी’ म्हणतो, आणि घरात दोन तट पडतात.

हा प्रश्न भावनेचा आहे हे खरेच, पण तो केवळ भावनेने सुटत नाही. गाडीचे काय परत मिळवता येईल आणि काय कायमचे गेले आहे, हे आधी समजले पाहिजे. त्यासाठी लागणारे रसायनशास्त्र आणि भूमिती शाळेच्या पुस्तकातलीच आहे. उदाहरण म्हणून आपण जावा-येझदी ही गाडी घेऊ. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६०च्या दशकात जावा आणि पुढे येझदी या नावाने या गाड्या बनवल्या. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. किक आणि गिअर यांचा दांडा एकच असलेली ही २५० सी.सी.ची टू-स्ट्रोक गाडी पुष्कळांना आठवत असेल. २०१८ पासून जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, परंतु त्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत. त्यांच्या इंजिनाचे भाग जुन्या गाडीला चालत नाहीत.

आधी कागद, मग पाना

पहिली तपासणी कागदांची. नोंदणी पुस्तकातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी ताडून पाहावा. मालक हयात नसल्यास गाडी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झाला असेल आणि गाडी मूळ स्वरूपात असेल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. कागद नसतील किंवा नंबर जुळत नसतील, तर हजारो रुपये खर्चूनही गाडी अंगणातच राहील. म्हणून हा निकाल आधी लावावा.

गंज काय नेतो?

लोखंडाचा ऑक्सिजन आणि पाणी यांच्याशी संयोग होऊन गंज तयार होतो. तो सच्छिद्र असतो, त्यामुळे हवा आणि ओल आत शिरत राहते व क्रिया थांबत नाही. गंज काढण्याचे उपाय पुष्कळ आहेत. पण गंज निघाला म्हणजे लोखंड परत आले असे होत नाही. जेवढ्या धातूचा गंज झाला, तेवढी जाडी गेली. म्हणून ‘गंज किती दिसतो?’ यापेक्षा ‘खाली धातू किती उरला आहे?’ हे विचारावे.

मडगार्डवरचा गंज डोळ्यात भरतो, पण बहुधा तो वरवरचा असतो. पत्रा आरपार गेला असला तरी तुकडा जोडता येतो. धोका असतो तो न दिसणाऱ्या जागी. फ्रेमच्या नळ्या आतून गंजतात. हँडलजवळच्या आणि मागच्या चाकाजवळच्या जोडांवर बारीक तडे जातात. रंगाखाली ते लपतात. हलक्या हातोडीने नळी ठोकत गेल्यास एखाद्या जागी आवाज बद्द येतो. ती जागा घासून पाहावी. फ्रेम वाकलेली, चिरलेली किंवा पोखरलेली असेल आणि जाणकार कारागीर ती सुरक्षित करता येणार नाही असे सांगत असेल, तर गाडी रस्त्यावर आणण्याचा विचार सोडून द्यावा.

पेट्रोलच्या टाकीबाबत एक इशारा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असते. अशा टाकीला घरी वेल्डिंग किंवा उष्णता कधीही देऊ नये.

चकाकीमागचे रसायनशास्त्र

जुन्या गाड्यांच्या टाकीच्या बाजू, रिम आणि सायलेन्सर क्रोमने चकाकत असतात. वास्तविक क्रोमचा थर अतिशय पातळ असतो आणि त्याखाली निकेलचा थर असतो. या थरांना बारीक तडा गेला की ओल लोखंडापर्यंत पोचते. निकेलच्या मानाने लोखंड अधिक क्रियाशील आहे. त्यामुळे ओलाव्यात एक छोटा विद्युतघट तयार होतो आणि लोखंडच आधी खाल्ले जाते. वरून टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो आणि खाली मात्र खड्डा पडलेला असतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे याच्या उलट असते. जस्त लोखंडाहून क्रियाशील असल्याने ते स्वतः झिजते आणि लोखंड वाचवते.

नवा मुलामा देताना जुना थर काढून खड्डे घासून सपाट करावे लागतात, म्हणजे आणखी धातू जातो. शिवाय या कामात वापरली जाणारी क्रोमियमची संयुगे अत्यंत विषारी असतात. म्हणून मूळ क्रोम थोडे डागाळलेले असेल तर ते साफ करून, मेण लावून तसेच ठेवणे अनेकदा शहाणपणाचे ठरते.

सिलिंडरचे गणित

या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ६५ मि.मी. आणि पिस्टनची धाव ७५ मि.मी. असते. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून पाहा : उत्तर सुमारे २४९ घन सें.मी. येते. यालाच आपण ‘२५० सी.सी.’ म्हणतो.

वापराने सिलिंडर झिजतो, पण सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन जिथे वर जाऊन उलटा फिरतो, तिथे झीज अधिक होते. म्हणून वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांनी व्यास मोजतात. झीज फार असेल तर लेथ वर्कशॉपमध्ये ‘रिबोअर’ करून म्हणजे भोक किंचित मोठे व गोल करून त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. व्यास १ मि.मी.ने वाढून ६६ झाला, तर घनफळ सुमारे २५७ घन सें.मी. होते. सिलिंडरची भिंत मात्र दर वेळी पातळ होते, त्यामुळे रिबोअर हवे तितक्या वेळा करता येत नाही. पूर्वी किती वेळा झाले आहे हे पिस्टनच्या डोक्यावरच्या आकड्यावरून बहुधा कळते. शेवटची मर्यादा ओलांडली असेल तर नवी स्लीव्ह बसवावी लागते. म्हणजे काम होते, पण खर्च वाढतो.

बंद पडलेल्या गाडीला जोराने किक मारण्याचा मोह टाळावा. पिस्टनच्या रिंगा गंजाने चिकटलेल्या असतील तर त्या मोडतात आणि सिलिंडरवर चरे पडतात. प्लग काढून त्या भोकातून थोडे तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मग हलक्या हाताने फिरवून पाहावे.

सुरू झाली म्हणजे बरी झाली का?

कधीकधी नवा प्लग आणि ताजे पेट्रोल एवढ्यावर जुनी गाडी सुरू होते आणि घरात आनंद होतो. इथेच सावध राहायला हवे. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनखालची क्रँकची पेटी पंपाचे काम करते : ती मिश्रण आत ओढते आणि सिलिंडरमध्ये ढकलते. या पेटीच्या दोन्ही बाजूंना रबराची ऑइल सील असतात. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत ती कडक होऊन चिरतात. मग पेटीत बाहेरची हवा शिरते, मिश्रणातले पेट्रोलचे प्रमाण घटते, इंजिन तापते आणि चालत्या गाडीत पिस्टन अडकून मागचे चाक एकाएकी बंद होऊ शकते. म्हणून गाडी सुरू होत असली तरी सील, टायर, ट्यूब, ब्रेकचे लायनर आणि केबल बदलल्याशिवाय ती रस्त्यावर नेऊ नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

इंधनही बदलले आहे. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषते, जुन्या रबरी नळ्या व वॉशर खराब करते आणि स्वतः ऑक्सिजन बाळगत असल्याने मिश्रणातले इंधन तुलनेने कमी पडते. नळ्या बदलणे, कार्ब्युरेटरची जुळणी नव्याने करणे आणि टाकीत महिनोन् महिने पेट्रोल न ठेवणे हे त्यावरचे उपाय होत.

तीन मार्ग

एवढी तपासणी झाली की आपल्यापुढे तीन मार्ग उरतात. पहिला, गाडी साफ करून, गंज थांबवून आहे तशी जपणे. दुसरा, मूळ रंग आणि खुणा ठेवून फक्त यंत्र व ब्रेक नीट करणे. तिसरा, सुटी करून नव्यासारखी करणे. तिसरा मार्ग सर्वांत खर्चिक आहे, शिवाय त्यातून माघारी येता येत नाही. टाकीवर गुडघ्याने झिजलेला रंग, हँडलच्या मुठीवर पडलेला हाताचा घट्टा हे एकदा घासून काढले की कोणताही कारागीर ते परत देऊ शकत नाही. वस्तुसंग्रहालयात म्हणूनच शक्यतो उलटवता येईल असाच उपचार करतात.

रोज कामावर जाण्यासाठी गाडी हवी असेल, तर या तिन्हींपैकी एकही मार्ग योग्य नाही. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण आत येताना बाहेर जाण्याची वाटही उघडी असते, त्यामुळे बरेच पेट्रोल न जळताच धुराड्यातून निघून जाते. खिसा आणि हवा या दोहोंनाही ते परवडत नाही. वर्षातून काही वेळा फेरी मारायची असेल, कागद नीट असतील आणि फ्रेम शाबूत असेल, तर आमच्या मते दुसरा मार्ग बहुतेक घरांना मानवेल. फ्रेम गेली असेल तर पहिला. तिसरा मार्ग, रंग आणि पत्रा मुळीच वाचण्यासारखा नसेल तेव्हाच.

काम काढण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे, सुटे भाग चिठ्ठी लावून ठेवावेत आणि काढलेला जुना भाग फेकू नये. ज्यांनी ती गाडी चालवली ते घरात असतील, तर कोणता भाग केव्हा आणि का बदलला हे त्यांना विचारून वहीत टिपावे. मेकॅनिकलाही त्याचा उपयोग होतो.

वर्गात करून पाहा

तीन परीक्षानळ्यांत मिठाचे पाणी घ्या. एकीत साधा लोखंडी खिळा, दुसरीत तांब्याची तार गुंडाळलेला आणि तिसरीत जस्ताची पट्टी गुंडाळलेला खिळा ठेवा. आठवडाभर रोज निरीक्षण नोंदवा. कोणता खिळा आधी गंजला? तडा गेलेल्या क्रोमखालच्या लोखंडाची स्थिती यांपैकी कोणत्या खिळ्यासारखी आहे? उत्तर मिळाल्यावर विद्यार्थ्यांना घरच्या किंवा शेजारच्या जुन्या सायकलीचे रिम भिंगातून पाहायला सांगा.