सभासद वारल्यावर वकील केव्हा आणि कोणता?



ऊस नोंदीसाठी जऊळका भागात फिरताना आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "साहेब, बाबा गेले. शेअर अन् सातबारा त्यांच्याच नावानं आहे. आता वकील कोणता धरावा?" आमचे म्हणणे असे, की आधी वकिलाचे काम कोणते ते ओळखावे.

सातबाऱ्यावर वारस लावायला वकील लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 149 प्रमाणे 3 महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, मृत्यूच्या दाखल्यासह वर्दी द्यावी. त्यात आई-बहिणींची नावे गाळू नका. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगा, मुलगी, विधवा आणि आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. जमिनीवरचा हक्क बहीण सोडत असेल तर तो तिच्या राजीखुशीने आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्रानेच.

कारखान्याच्या शेअरचे काम सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 30 प्रमाणे चालते. सभासदाने नामनिर्देशन केले असेल तर शेअर त्या व्यक्तीच्या नावे होतो. नसेल तर वारस कोण हे संचालक मंडळ पाहते. पण नाव लागले म्हणजे मालकी आली असे नव्हे. 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगावकर 2013 मध्ये वारले. त्यांच्या मिळकतीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी सांगितले, की कंपनीच्या शेअरचा नॉमिनी हा पूर्ण मालक ठरत नाही. तेव्हा भावाच्या नावाने शेअर झाला म्हणून बहिणीचा वाटा बुडाला, असे कोणी समजू नये.

वकील लागतो तो पुढे. नामनिर्देशन नाही, वारसांत तंटा आहे किंवा बँक कोर्टाचा कागद मागते, अशा वेळी 1925 च्या भारतीय वारसा कायद्याखाली वारसा प्रमाणपत्र काढावे लागते. मयत जिथे राहत होता तिथल्या कोर्टात हा अर्ज चालतो. म्हणून अकोला-नागपूरचा मोठा वकील शोधण्यापेक्षा मालेगाव-वाशीमच्या कोर्टात रोज उभा राहणारा, दिवाणी कामे करणारा वकील बरा. मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता, म्हणजे प्रोबेट, घेण्याची सक्ती आपल्या भागातल्या हिंदू कुटुंबांवर कधीच नव्हती. ती 2025 पर्यंत मुंबईसारख्या ठिकाणी होती. कोणी त्या नावाने घाबरवले तर आधी दुसऱ्या वकिलाला विचारा.

वकील ठरवताना पुढील गोष्टी पाहाव्या :

1. वकील संघात चौकशी करावी. अशी वारसाची कामे पूर्वी केली आहेत का, ते विचारावे.

2. फी आणि कोर्टखर्च वेगवेगळा लिहून घ्यावा, पावती घ्यावी. "मिळेल त्यात इतके टक्के" हा करार बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही.

3. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नये. अस्सल कागद दिल्यास पोच घ्यावी.

4. अर्जात सर्व वारसांची नावे द्यावीत. लपवून मिळवलेले प्रमाणपत्र रद्द होऊ शकते.

5. विधवा भगिनींनी पैशाअभावी थांबू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

शेवटी एक विनंती. पुढच्या वेळी गट कार्यालयात याल तेव्हा आपल्या शेअरचे नामनिर्देशन झाले आहे की नाही, ते पाहून घ्या. आज एका सहीचे काम आहे. ते राहिले तर मागे राहिलेल्यांना कोर्टाच्या तारखा कराव्या लागतील.