रोख्यामागचा हिशेब तपासणारे न्यायमूर्ती

सावकाराने कोर्टात रोखा ठेवला. रक्कम दोनशे रुपये, खाली शेतकऱ्याची निशाणी. निशाणी खरी ठरली की हुकूमनामा, मग जप्ती. अशाच कागदांची 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात होळी झाली, आणि 1879 साली सरकारला डेक्कन शेतकरी कायदा करावा लागला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर हे चार जिल्हे त्यात होते. म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं पंढरपूरही आलंच.

काय विलक्षण कायदा! न्यायाधीशाने रोख्यापाशी थांबायचंच नाही, व्यवहार जिथे सुरू झाला तिथवर मागे जायचं. समजा, बियाण्यासाठी पन्नास रुपये घेतले. वर्ष सरलं, व्याज मुद्दलात मिसळून नवा रोखा. पुन्हा वर्ष, पुन्हा रोखा. दोनशेंच्या कागदात शेतकऱ्याच्या हाती पडलेले पन्नासच! ते सोडवायचे, मुद्दल आणि व्याज वेगळं मांडायचं, व्याजावरचं व्याज उडवायचं, उरलेल्याचे हप्ते बांधून द्यायचे.

खालची कोर्टं हे नीट करतात का, हे पाहायला विशेष न्यायाधीश असे. 1881 साली त्यांचे मदतनीस म्हणून आले महादेव गोविंद रानडे. दोनच वर्षांपूर्वी, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या काळात, सरकारने संशयाने त्यांची धुळ्याला बदली केली होती. 1887 साली ते स्वतः विशेष न्यायाधीश झाले. गावोगावची फिरती, दप्तरांची तपासणी. त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींत या फिरत्या वाचायला मिळतात. 1893 साली हायकोर्टाचे न्यायमूर्ती तेलंग वारले आणि त्यांच्या जागी रानडे हायकोर्टात गेले. मला मात्र हायकोर्टातल्या खुर्चीपेक्षा ही फिरतीच मोठी वाटते.

पंढरपुरात तेव्हा आणखी एका न्यायाधीशाचं काम उभं होतं. लालशंकर उमियाशंकर इथे दुय्यम न्यायाधीश होते. लोकलाजेपायी गरोदर विधवांना तीर्थयात्रेच्या निमित्ताने इथे आणून सोडत. त्यांच्या पोटची मुलं जगावीत म्हणून लालशंकरांनी 1875 साली आश्रम काढला. पुढे तो चालवला प्रार्थना समाजाने, रानड्यांच्याच समाजाने.

मागे जाऊन मूळ शोधायची ही सवय रानड्यांनी इतिहासातही सोडली नाही. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचं त्यांचं पुस्तक 1900 साली आलं. शिवाजी महाराजांच्या राज्यामागे संतांनी आधीच जागा केलेला समाज होता, असं त्यांनी त्यात मांडलं. पंढरीच्या वारकऱ्याला एका हायकोर्ट न्यायाधीशाने राज्यकर्त्यांच्या इतिहासात मानाचं पान दिलं! पुढच्याच वर्षी, 16 जानेवारी 1901 रोजी, ते गेले. तेव्हाही ते न्यायमूर्तीच होते.