सरकारनें व्यापारी व्हावें कीं पंच?

शेतकऱ्याच्या नांवानें चळवळी करणारे पुढारी आणि शेतकऱ्याच्या नांवानें कायदे करणारीं सरकारें, या दोहोंचा आमच्या परभणी जिल्ह्यास चांगलाच परिचय आहे. निवडणुका जवळ आल्या म्हणजे गांवोगांवच्या पारांवर एकच वाद ऐकूं येतो. एक पक्ष म्हणतो कीं, सरकारनें भाव द्यावा, कर्ज माफ करावें, वीज फुकट द्यावी. दुसरा म्हणतो कीं, सरकारनें वाटेंतून दूर व्हावें, म्हणजे आम्ही आमचें पाहून घेऊं. हा वाद पंडितांचा नव्हे. तो घरांत सांठविलेल्या कापसाचा आणि सातबाऱ्यावरील बोज्याचा आहे. म्हणून त्याचा विचार घोषणांवरून न करितां आपल्याच जिल्ह्यांत घडलेल्या गोष्टींवरून करावा, असें आम्हांस वाटतें.

सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निझामाच्या संस्थानांत होता. सारा वसूल करणारें आणि महायुद्धाच्या काळांत धान्याची लेव्ही काढणारें तें सरकार, एवढीच रयतेला त्याची ओळख होती. राज्यकारभारांत रयतेच्या मतास किंमत नव्हती. मताचा अधिकार हातीं येतांच शेतकऱ्यांनीं आपली शक्ति ओळखली. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत व पुन्हां १९७७ सालीं परभणीनें शेतकरी कामगार पक्षाचा उमेदवार लोकसभेवर पाठविला. तेव्हां लोकांच्या चळवळीस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. चळवळ झाली नसती तर शेतकऱ्याचें म्हणणें दरबारीं कोणीं ऐकलेंच नसतें. प्रश्न एवढाच आहे कीं, चळवळीनें सरकारजवळ मागावें तें काय?

या प्रश्नाचा निकाल लावण्यास १९७२ हें साल फार उपयोगी आहे. त्या एकाच वर्षीं शेतकऱ्याच्या हिताचीं म्हणून दोन मोठीं कामें झालीं. १८ मे १९७२ रोजीं परभणीस मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें. त्यासाठीं येथील लोकांनीं आंदोलन केलें होतें. आणि त्याच वर्षाच्या हंगामापासून, १९७१ च्या कायद्यान्वयें, महाराष्ट्रांत कापसाची एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली.

या योजनेचा हेतु वाईट होता असें कोणी म्हणूं नये. त्यापूर्वीं कापूस विकावयाचा म्हणजे आडत्याच्या दारीं गाडी उभी करावयाची. रुमालाखालीं ठरलेला भाव, वजनांतील घट आणि जुन्या देण्यापोटीं परस्पर वळते होणारे पैसे, हें सर्व निमूटपणें सोसावयाचें. योजनेनें हमीचा भाव ठरविला आणि विक्रींत नफा उरल्यास त्यांत उत्पादकाचा वाटा मानला. मंदीच्या वर्षांत या हमीचा आधार अनेक घरांस झाला.

परंतु योजनेंत एक अट होती व तीच मुख्य होती. राज्यांतील शेतकऱ्यानें आपला कापूस योजनेखेरीज दुसऱ्या कोणासहि विकतां कामा नये. प्रतवारी योजनेची, वजनकाटा योजनेचा, आणि चुकारा केव्हां द्यावयाचा हेंहि योजनेनेंच ठरवावयाचें. बाहेर भाव चढला म्हणजे शेजारच्या राज्यांतील शेतकरी त्याचा लाभ घेई. आमचा शेतकरी मात्र खरेदी केंद्रापुढें गाड्यांच्या रांगेंत रात्री काढी. कित्येकांनीं कापूस चोरून सीमेपार नेला. आपल्याच शेतांत पिकविलेला माल चोरून विकावा लागावा, यापरतें विपरीत तें काय? उलट बाहेर मंदी असली कीं परराज्यांतील कापूस आंत शिरे आणि योजनेचा तोटा वाढे.

याच काळांत शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेचा उदय झाला. स्वित्झर्लंडांतील नोकरी सोडून जोशी हे चाकणजवळ आंबेठाण येथें कोरडवाहू शेती करूं लागले होते. १९८० च्या कांदा व ऊस आंदोलनानें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. फेब्रुवारी १९८४ मध्यें संघटनेचें दुसरें अधिवेशन आमच्या परभणींत भरलें. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही त्यांची घोषणा. शेतकरी दान मागत नाहीं, आपल्या मालाची किंमत मागतो, हें तिच्यांतील तत्त्व होतें, आणि तें आम्हांस आजहि मान्य आहे.

पण कापसाची किंमत मागावयाची कोणाजवळ? गिऱ्हाईक एकच, आणि तें सरकार! डिसेंबर १९८६ मध्यें कापसाच्या भावासाठीं शेतकरी रस्त्यावर आले. त्या वेळीं परभणी जिल्ह्यांत असलेल्या हिंगोली तालुक्यांत, सुरेगांव येथें, पोलिसांच्या गोळीबारांत तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. हिंगोली हा निराळा जिल्हा पुढें १ मे १९९९ रोजीं झाला. परंतु तीं तीन घरें आमच्याच जिल्ह्याचीं होतीं.

या दुर्घटनेचा दोष आम्ही कोणा एका अधिकाऱ्याच्या किंवा पुढाऱ्याच्या माथीं मारीत नाहीं. तिच्यामागें जी व्यवस्था होती, तिच्याकडे वाचकांचें लक्ष वेधतों. खासगी व्यापाऱ्यानें भाव पाडला तर शेतकरी गाडी वळवून दुसऱ्याच्या दारीं नेतो. फार तर दोघांचें भांडण होतें, आणि तें तोडण्यास सरकार पंच म्हणून उभें असतें. पण सरकारच एकमेव व्यापारी झालें, म्हणजे भावाचा साधा वाद सुव्यवस्थेचा प्रश्न होऊन बसतो. माल विकणारा एका बाजूस, हातीं पोलीस असणारा खरीददार दुसऱ्या बाजूस, आणि मध्यें पंच कोणीच नाहीं. कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणाजवळ मागावी?

पुढें योजना तोट्यांत रुतत गेली आणि २००२ च्या हंगामापासून खासगी खरेदीस वाट मोकळी झाली. व्यापारी परत आल्यानें रामराज्य आलें, असें मात्र नाहीं. प्रत कमी लावणें, कट्टी कापणें, मंदींत भाव पाडणें हे प्रकार आमच्या वाचकांस ठाऊक आहेत. म्हणून सरकारनें सर्वस्वीं दूर व्हावें, हें म्हणणेंहि आम्हांस पटत नाहीं. ज्यास लोक सीसीआय म्हणतात, तें १९७० सालीं स्थापन झालेलें कापूस महामंडळ बाजार आधारभूत किमतीखालीं गेला असतां कापूस घेतें. पण कापूस तेथेंच घालावा अशी सक्ति शेतकऱ्यावर नाहीं. आधार निराळा आणि सक्ति निराळी, हाच या लेखाचा मुख्य मुद्दा होय.

आतां १९७२ च्या दुसऱ्या कामाकडे पाहावें. परभणी क्रांति भेंडी, परभणी मोती ज्वारी, बदनापूरची बीडीएन-७११ तूर, नांदेडच्या संशोधन केंद्राचा एनएचएच-४४ कापूस, हीं सर्व याच विद्यापीठाचीं देणीं आहेत. यांतील एकहि वाण पेरण्याची सक्ति कोणावर झाली नाहीं. ज्यास पटलें त्यानें पेरलें, आणि शेजाऱ्यानें त्याचें पीक पाहून पुढच्या साली बी मागितलें. २०१३ सालीं या विद्यापीठास वसंतराव नाईक यांचें नांव मिळालें. एकाधिकार गेला, विद्यापीठ राहिलें. एका शेतकऱ्यास एकट्यानें करतां येत नाहीं तें काम सरकारनें करावें व त्याचें फळ घेणें न घेणें ज्याच्या त्याच्यावर सोडावें, हा त्याचा धडा आहे.

कर्जमाफीलाहि हीच कसोटी लावावी. २००८ च्या केंद्रीय माफींत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांचें थकलेलें पीककर्ज पूर्ण माफ झालें. त्याहून अधिक जमीन असणारास एकरकमी परतफेडीवर २५ टक्के सूट मिळाली. पाटाच्या पाण्याखालील पांच एकर आणि जिंतुरकडील माळरानाचे दहा एकर यांत गरीब कोण, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पण फूटपट्टी सर्वांस एकच लागली. पुढें राज्यानें २०१७ सालीं दीड लाखांपर्यंत आणि २०१९ च्या अखेरीस दोन लाखांपर्यंत माफी जाहीर केली. दुष्काळांत व अतिवृष्टींत कर्जाचा भार हलका करणें हें सरकारचें कर्तव्यच आहे. परंतु निवडणुकीच्या तारखेशीं बांधलेल्या माफीनें पुढच्या हंगामाचा भाव सुधारत नाहीं, विहिरीस पाणी लागत नाहीं, आणि जो काटकसर करून हप्ता भरतो त्याचें मन मात्र खट्टू होतें.

हा वाद केवळ आमच्याच देशांतला नव्हे. अमेरिकेंत कापूस व गहूं पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनीं सावकार व रेल्वे कंपन्यांस कंटाळून 'पीपल्स पार्टी' हा पक्ष काढला, आणि १८९२ सालीं ओमाहा येथें आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. सरकारी कोठारांत माल ठेवून त्याच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत अल्प व्याजानें कर्ज मिळावें, ही त्या शेतकऱ्यांची आवडती मागणी होती. १८९६ च्या निवडणुकींत त्यांनीं पाठिंबा दिलेले ब्रायन पराभूत झाले आणि पक्ष विरून गेला. तरी कोठारांविषयींचा कायदा १९१६ सालीं झालाच. आमच्याकडेहि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामांत सोयाबीन किंवा तूर ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतें, आणि सुगींत पडेल भावानें माल फेकावा लागत नाहीं. तिच्यासाठीं मोर्चे निघत नाहींत, हें आमचें दुर्दैव!

शेतकरी सर्वत्र एकच गोष्ट मागतो, असेंहि समजूं नये. २०२० सालीं केंद्राचे तीन कृषि कायदे झाले, तेव्हां पंजाबचा शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसला. महाराष्ट्रांतील शेतकरी संघटनेनें मात्र खुल्या बाजाराचें स्वागत केलें. पंजाबचा गहूं व तांदूळ सरकार भरपूर घेत आलें आहे, तर आमचा बहुतेक माल बाजारांतच विकला जातो. ज्याचा त्याचा अनुभव निराळा. ते कायदे नोव्हेंबर १९२१ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे नोव्हेंबर २०२१ मध्यें, रद्द झाले. ज्यांच्यासाठीं कायदा करावयाचा त्यांस आधीं विचारावें, हा धडा सरकारास त्यांतून मिळाला असल्यास बरें.

सारांश, सरकारचीं कामें आमच्या मतें हीं होत: धरणें व पाट बांधून शेवटच्या चारीपर्यंत पाणी पोंचविणें, संशोधन चालविणें, काटा व माप खरें ठेवणें, फसविणाऱ्यास त्वरित शासन करणें, आणि अस्मानी संकटांत हात देणें. येलदरीचें धरण किंवा जायकवाडीचा डावा कालवा कोणा एका शेतकऱ्यास बांधतां आला नसता. पण आपला कापूस कोणास व केव्हां विकावा, हें त्यास सरकारपेक्षां अधिक समजतें.

तेव्हां पुढील वेळीं कोणी पुढारी पारावर येऊन आश्वासन देऊं लागला, तर आमच्या वाचकांनीं त्यास आदरानें तीन प्रश्न विचारावे. हें मिळाल्यावर आमच्यावर कोणती सक्ति येणार? याचा पैसा कोण देणार? आणि निवडणूक संपल्यावर यांतलें गांवांत काय उरणार? ज्याच्याजवळ उत्तरें असतील त्याच्यामागें अवश्य जावें. नसतील तर त्यास पाणी द्यावें, रामराम करावा, आणि आपण वखराकडे वळावें.