मापाला शिक्का, मग आकड्याला का नाही?

किराणा दुकानातलं लोखंडी वजन हातात घेऊन कधी उलटंपालटं करून पाहा. त्याच्या अंगात एक खळगा असतो, खळग्यात शिसं भरलेलं असतं आणि शिशावर सरकारी निरीक्षकाचा शिक्का ठोकलेला असतो. कोणी शिसं उकरून वजन हलकं करायला गेलं की शिक्का मोडतो आणि चोरी उघडी पडते. मापात पाप होऊ नये, म्हणून केलेली ही सोय. हे काम आपल्याकडे वैधमापन शास्त्र विभाग करतो. 1 जुलै 2025 पासून वैधमापन कायद्याखाली आणखी एक माप आलं आहे. वाहनांचा वेग मोजणारी रडार यंत्रंही आता पडताळून, शिक्का मारूनच वापरायची आहेत.

या नियमाचं मनापासून स्वागत करायला हवं. किलोभर साखरेच्या मापाची ज्या देशात इतकी काळजी घेतली जाते, तिथे हजार-दोन हजारांचा दंड ज्या मापावर ठरतो, त्याची खात्री नागरिकाला असलीच पाहिजे. पण वेगाच्या दंडात मापं दोन असतात. एक गाडीच्या वेगाचं, दुसरं रस्त्याकडेच्या खांबावरच्या गोल पाटीवर लिहिलेल्या आकड्याचं. पहिल्याला शिक्का मिळाला. दुसऱ्याचं काय?

आधी यंत्राचं पाहू, कारण लोकांचा सगळा संशय तिथेच असतो. ‘मी एवढा जोरात नव्हतोच’ हे वाक्य रस्त्याकडेला रोज ऐकू येतं. रडार गन चालते ती ख्रिस्तियान डॉप्लरने 1842 साली मांडलेल्या तत्त्वावर. जवळ येणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरींची वारंवारता वाढलेली असते. गनमधून सेकंदाला साधारण 24 अब्ज कंपनांची लहर निघते. समोरून ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी त्यात जेमतेम साडेचार हजार कंपनांची भर घालते. हा फरक इतका बारीक की त्याचा आवाज केला तर आपल्या कानाला तीक्ष्ण शिट्टीसारखा ऐकू येईल. यंत्र ही शिट्टी मोजतं आणि तिचा वेग करून दाखवतं. लेझर गनची तऱ्हा वेगळी. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात 30 सेंटीमीटर जातो. गाडीवर आपटून परतायला त्याला किती वेळ लागला, हे क्षणार्धात शेकडो वेळा मोजलं की गाडी किती सरकली ते कळतं.

यात चालकाच्या बाजूने झुकणाऱ्या दोन गोष्टी आहेत आणि त्या फार कमी जणांना माहीत असतात. पोलीस रस्त्याच्या मधोमध उभा राहू शकत नाही, तो कडेला असतो. त्यामुळे गन गाडीकडे तिरकी रोखलेली असते आणि तिला वेगाचा फक्त तिच्या दिशेचा भाग दिसतो. कोन 10 अंशांचा असेल तर 100 चा वेग 98.5 दिसतो, 20 अंशांचा असेल तर 94. स्थिर उभ्या यंत्रात ही चूक नेहमी कमीकडेच होते. दुसरी गोष्ट आपल्या डॅशबोर्डची. स्पीडोमीटरसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा नियम सांगतो की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, थोडं जास्त दाखवलं तर चालेल. म्हणून काटा 100 वर असतो तेव्हा गाडी बहुधा त्याहून हळूच चाललेली असते.

याचा अर्थ यंत्र चुकत नाही असा नाही. 2003 मध्ये मेलबर्नच्या वेस्टर्न रिंग रोडवरच्या कॅमेऱ्याने एका जुन्या डॅटसन 120 वाय गाडीचा वेग ताशी 158 नोंदवला. चाचणी घेतली तर त्या बिचाऱ्या गाडीला तो वेग गाठणंच अशक्य होतं. एका चालकाने हट्ट धरला म्हणून ही चूक बाहेर आली आणि पुढे सरकारला हजारो लोकांचे दंड परत करावे लागले. आपल्या मोटार वाहन नियमांत 2021 पासून अशा यंत्रांना दरवर्षी नूतनीकरण करायचं मान्यता प्रमाणपत्र लागतं, आधी सूचनाफलक लावावा लागतो आणि नोटीस 15 दिवसांत पाठवावी लागते. या तिन्ही गोष्टी मागण्याचा हक्क चलन आलेल्या प्रत्येकाला आहे.

मला सर्वांत न्याय्य वाटतं ते सरासरी वेगाचं मापन. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या कमानींचे कॅमेरे हेही काम करू शकतात. समजा दोन कमानींमधलं अंतर 10 किलोमीटर आहे आणि मर्यादा 60 ची आहे. म्हणजे किमान 10 मिनिटं लागायला हवीत. तुम्ही 8 मिनिटांत पोहोचलात, तर सरासरी वेग 75 झाला. बारावीच्या गणितात लाग्रांजचं मध्यमान प्रमेय शिकलेल्यांना आठवेल, की अशा वेळी वाटेत निदान एक क्षण असा असलाच पाहिजे जेव्हा गाडीचा वेग नेमका 75 होता. गाडी कशी चालवली, हे कोणी पाहिलेलं नसतानाही गणित ते सिद्ध करतं. घड्याळात एका सेकंदाची चूक झाली तरी निकालात फरक पडतो हजारात जेमतेम दोनाचा. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि कॅमेरा सरला की पुन्हा दामटायचं, ही युक्ती इथे चालत नाही. एखाद्या क्षणी चुकून काटा वर गेलेला माणूसही इथे सापडत नाही. सापडतो तो सातत्याने वेगात जाणारा.

आता खांबावरचा आकडा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 112 सांगतं की कमाल मर्यादा केंद्र सरकार ठरवेल, आणि सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचं, पुलाचं स्वरूप पाहून राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी ती कमी करू शकेल. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना हवी आणि रस्त्यावर पाटी हवी. केंद्राने एप्रिल 2018 मध्ये मोटारींसाठी द्रुतगती मार्गांवर 120, चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यांवर 100 आणि इतरत्र 70 अशी कमाल ठरवली. ऑगस्ट 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही अधिसूचनाच रद्द केली. वाढत्या वेगाने माणसं मरतात, ही न्यायालयाची चिंता अगदी रास्त होती. तरी एकाच देशात एकाच आकड्याबद्दल सरकारचं एक आणि न्यायालयाचं दुसरं मत असेल, तर त्या आकड्यामागचं शास्त्र लोकांपुढे मांडण्यात आपण कमी पडलो, हे मान्य करावं लागेल.

अमेरिकेत अनेक दशकं एक सोपी पद्धत चालत आली. मोकळ्या रस्त्यावर शंभर गाड्यांचा वेग मोजायचा, हळूकडून जोराकडे क्रम लावायचा आणि पंच्याऐंशीव्या गाडीचा वेग हीच मर्यादा धरायची. बहुतेक माणसं शहाणी असतात, ती रस्ता पाहून योग्य तोच वेग धरतात, हा त्यामागचा विश्वास. 1964 साली डेव्हिड सॉलोमन यांनी तिथल्या ग्रामीण महामार्गांचा अभ्यास करून दाखवलं की सरासरीच्या आसपास जाणाऱ्यांना धोका सर्वांत कमी आणि फार हळू किंवा फार जोरात जाणाऱ्यांना जास्त. पंच्याऐंशीच्या नियमाला त्याने बळ आलं. पुढे लक्षात आलं की ‘हळू’ गाड्यांपैकी कित्येक वळण घेण्यासाठी मंदावलेल्या होत्या. त्या वगळल्या तर हळू जाण्यातला धोका बराच ओसरला. 2023 च्या नव्या अमेरिकी नियमपुस्तकाने पंच्याऐंशीच्या आकड्याबरोबर रस्त्याभोवतीच्या इतर गोष्टीही तोलायला सांगितलं आहे.

आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी आणणं चुकीचंच ठरेल. ती एका अर्थाने मतदान आहे, आणि त्यात मत फक्त मोटारवाल्याला आहे. रस्ता ओलांडणारी आजी, सायकलवरचा दूधवाला, शाळेतून परतणारी मुलं यांची त्या यादीत नोंदच होत नाही. 2022 साली भारतात रस्त्यांवर 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली. त्यांत दुचाकीवरचे 44.5 टक्के आणि पायी चालणारे 19.5 टक्के होते.

या माणसांच्या बाजूने बोलतं ते भौतिकशास्त्र. दोन मोटारी शेजारी शेजारी येत आहेत, एक 50 ने, दुसरी 60 ने. समोर एक मूल धावत येतं. दोघांनाही सावध व्हायला दीड सेकंद लागतो, रस्ता कोरडा आहे, ब्रेक उत्तम आहेत. 50 ची गाडी साधारण 35 मीटरवर मुलाच्या पुढ्यात येऊन थांबते. त्याच जागी 60 ची गाडी किती वेगात असेल? बहुतेक जण 10 म्हणतात. गणित करून पाहा, उत्तर 43 येतं. दीड सेकंदात तिने चार मीटर जास्त खाल्लेले असतात, आणि वेगाची ऊर्जा वर्गाने वाढत असल्याने उरलेल्या अंतरात ती जिरत नाही. स्वीडनचे योरान निल्सन यांनी हेच समाजाच्या पातळीवर मांडलं. रस्त्यावरचा सरासरी वेग 5 टक्क्यांनी वाढला तर मृत्यू वाढतात सुमारे 21 टक्क्यांनी, कारण ते जवळपास वेगाच्या चौथ्या घाताने बदलतात. ‘दहाने काय होतंय’ या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जिथे माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथे 30 ची मर्यादा सुचवली, ती याचमुळे.

बोरघाटात हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना 100 ची मुभा आणि घाट लागला की आकडा एकदम खाली. तो आधी 50 होता, पुढे 60 करण्यात आला. चालक चिडतात. सहा पदरी गुळगुळीत रस्ता, मग हे रांगणं कशासाठी? त्यांनी शेजारच्या ट्रककडे पाहावं. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. 40 टनांचा ट्रक एवढा खाली येतो तेव्हा सुमारे 60 युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एखाद्या साध्या घराचा पंधरा-वीस दिवसांचा वीजवापर होईल एवढी उष्णता! खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरलं तर यातली बरीच इंजिन सोसतं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की सगळी उष्णता ब्रेकवर येते, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागेनासे होतात. असा ट्रक मागून येऊ शकतो, म्हणून घाटातला आकडा त्याच्याही हिशेबाने ठरतो.

चालकांचं मात्र एक म्हणणं मी पूर्णपणे खरं मानतो. बराच वेळ 100 ने आल्यावर मेंदूला त्या वेगाची सवय होते आणि 60 म्हणजे जवळजवळ थांबल्यासारखं वाटतं. आपण 60 वर आलो असं मनाला पटतं तेव्हा काटा बराच वर असतो. ही बेपर्वाई नाही, संवेदनेची मर्यादा आहे. म्हणून आकडा 100 वरून 80, 80 वरून 60 असा पायऱ्यांनी उतरायला हवा, पाट्या मोठ्या आणि ट्रकच्या आड न जाणाऱ्या हव्यात, आणि कॅमेरा मर्यादा बदलते त्या पहिल्या पाटीलगत नसावा. पायरी न दाखवता पडणाऱ्याला दंड करणं अन्याय आहे.

समृद्धी महामार्गावर याच्या उलट घडतं. रस्त्याची आखणी ताशी 150 साठी झाली आणि मोटारींना परवानगी 120 ची. रुंद, सरळ रस्ता चालकाच्या पायाला सांगतो ‘दाब’, पाटी सांगते ‘थांब’. माणूस पाटीपेक्षा रस्त्याचं अधिक ऐकतो. म्हणूनच गावातून जाणाऱ्या रस्त्यावर 30 ची पाटी लावून भागत नाही. रस्ता अरुंद भासावा, उंचवट्याचा पादचारी मार्ग यावा, वळण दिसावं, अशी रचना करावी लागते. ते काम पोलिसाचं नसून अभियंत्याचं आहे.

कारवाईची जागाही न्याय-अन्याय ठरवते. लांब मोकळ्या उताराच्या टोकाला झाडाआड गाडी उभी केली की तासाभरात पावत्यांचा ढीग होतो. अपघात होतात त्या वळणावर तेवढ्याच वेळात चारच सापडतात. स्वीडनमध्ये कॅमेरे उघड्यावर असतात आणि आधी पाटी लावून कळवलेले असतात. तिथे यशाचं माप पावत्यांची संख्या नसून वाचलेले जीव आहे. आपल्याकडेही पोलिसांच्या कामगिरीचं मूल्यमापन याच मापाने व्हावं, असं मला ठामपणे वाटतं. 2022 च्या सरकारी अहवालात 71.2 टक्के मृत्यूंचं कारण अतिवेग लिहिलं आहे. वेग घातक आहेच, वर सगळं गणित त्याचंच केलं. पण अपघातानंतर तक्त्यात ‘अतिवेग’ लिहिणं सोपं असतं. दुभाजकातली फट, बंद दिवे, चुकीचा उतार शोधायला तांत्रिक तपास लागतो. तो झाला नाही तर चुकीचा रस्ता तसाच राहतो आणि पुढचा माणूस तिथेच जातो.

दंडाच्या रकमेचाही विचार व्हायला हवा. हलक्या वाहनाला 1000 ते 2000 रुपये, जड वाहनाला 2000 ते 4000, हे कायद्याने ठरलेलं आहे. भाड्याची टॅक्सी चालवणाऱ्याची ती दोन दिवसांची कमाई, तर आलिशान गाडीवाल्याचं एका वेळचं जेवण. फिनलंडमध्ये गंभीर अतिवेगाचा दंड उत्पन्नावर ठरतो. 2023 मध्ये ओलांड बेटांवर 50 च्या जागी 82 ने जाणाऱ्या उद्योगपती आंदेर्स विक्लॉफ यांना 1 लाख 21 हजार युरो भरावे लागले.

वजनावरच्या शिक्क्यासारखा शिक्का पाटीवरच्या आकड्यालाही हवा. अधिसूचना कोणत्या तारखेची, आकडा कोणी ठरवला, किती वाहनांचा वेग मोजला, तिथे किती अपघात झाले, वळणाची त्रिज्या किती, पायी चालणारे किती, हे सगळं एका कागदावर असावं आणि तो कागद कोणालाही पाहता यावा. हा कागद मागायची सुरुवात तुमच्या मुलांच्या शाळेसमोरच्या पाटीपासून करा. तिथे पाटीच नसेल, तर ती का नाही, हेही विचारा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाचं शुल्क 10 रुपये आहे आणि उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.