निवडुंगाचे कलम

शहरातील कोणत्याही रोपवाटिकेत गेले असता, बोटभर जाडीच्या हिरव्या तिधारी दांड्यावर लाल, पिवळा किंवा नारिंगी रंगाचा काटेरी गोळा बसलेला आहे अशी कुंड्यांची एक रांग हटकून दृष्टीस पडते. आणि तो गोळा म्हणजे या झाडाचे फूल, अशी समजूत करून घेऊन पुष्कळ लोक ती कुंडी घरी आणतात. वास्तविक तो गोळा फूल नव्हे. तो स्वतःच एक संपूर्ण निवडुंग आहे, आणि ज्या दांड्यावर तो विराजमान झालेला असतो तो दुसराच निवडुंग आहे. वरच्याचे मूळ गोत्र दक्षिण अमेरिकेत पॅराग्वेच्या बाजूचे; खालच्याचे मध्य अमेरिकेकडचे. खालच्याच्या जातभाईंची फळे तर आता सांगली-सोलापूरकडच्या मळ्यांतून ‘ड्रॅगन फ्रूट’ या नावाने आपल्या बाजारात येतात.

या दोघांची सोयरीक जपानात जमली. ईजी वातानाबे नावाच्या बागाइतदाराला 1941 साली, जिम्नोकॅलिशियम मिहानोविची या जातीच्या हजारो रोपांत, हिरव्या रंगाचा लवलेशही नसलेली दोन तांबडी रोपे आढळली. हिरवेपणा नाही याचा अर्थ हरितद्रव्य नाही, आणि हरितद्रव्य नाही म्हणजे सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करण्याचे साधनच नाही; बीजातील शिदोरी संपली की अशा रोपाचे आयुष्यही संपते. परंतु वातानाबे यांनी ती रोपे मरू न देता हिरव्या निवडुंगाच्या खुंटावर चढवली, आणि खुंटाने त्यांच्या उदरभरणाची जबाबदारी पत्करली. पुढे या प्रकाराला ‘हिबोतान’, म्हणजे लालभडक पिओनीचे फूल, असे नाव पडले. दुकानातील प्रत्येक लाल गोळा असाच कोणत्या तरी गोळ्याच्या अंगाला फुटलेले पिल्लू काढून नव्या खुंटावर बसवलेला असतो.

लेखणीला आणि झाडाच्या या संस्काराला आपल्या भाषेत ‘कलम’ हा एकच शब्द आहे, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आले आहे. कारण दोन्ही ठिकाणी सुरुवात धारदार पात्याने केलेल्या एका स्वच्छ छेदापासूनच होते. आंब्याच्या कलमाची विद्या पोर्तुगिजांच्या अमदानीत गोव्यात रुजली आणि हापूस कोकणच्या घराघरांत पोचला, ही हकिकत आपल्याला परिचयाची आहे. निवडुंगाचे कलम तत्त्वतः त्याहून निराळे नाही. निवडुंगाचा दांडा आडवा कापला तर काकडीच्या चकतीसारखा ओला, चकचकीत गर दिसतो आणि त्याच्या मध्यभागी एक फिकट वर्तुळ उमटलेले असते. पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नलिका या वर्तुळात असतात, आणि नव्या पेशी निर्माण करणारा थरही तेथेच असतो. खुंटाचे वर्तुळ आणि वरच्या गोळ्याचे वर्तुळ एकमेकांना भिडले, तरच दोन झाडांचा संसार एक होतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे ‘निवडुंग’ हा शब्द कोणत्याही काटेरी, मांसल झाडाला सर्रास लावला जातो. शेताच्या वईला लावतात तो चिकाचा निवडुंग एरंडाच्या कुळातला आहे, आणि त्याचे कॅक्टसशी रक्ताचे नाते नाही. म्हणून त्याच्यावर कॅक्टसचे कलम कधीच धरत नाही. खऱ्या कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या एका बारीक गादीतून उगवतात, ही त्याची ओळख. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस असला, तरी तो अमेरिकेतून आलेला पाहुणा आहे. आणि ज्याच्या फुलासाठी मध्यरात्री शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावणी जातात, ते आपल्या अंगणातील ‘ब्रह्मकमळ’ हेही हिमालयातील ब्रह्मकमळ नसून अमेरिकेतील एक बिनकाट्याचा कॅक्टसच आहे. त्याचे ‘पान’ म्हणून आपण जे कुंडीत खोचतो तो त्याचा चपटा झालेला दांडा असतो, आणि म्हणूनच त्याला मुळे फुटून नवे झाड उभे राहते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत, हवा कोरडी आणि झाड वाढीला लागलेले असताना हे काम करावे. पावसाळ्यात कापलेला भाग कुजण्याचे भय फार. ड्रॅगन फ्रूटचा मुळे धरलेला, कोवळा पण दमदार खुंट घ्यावा, आणि पातळ पात्याची सुरी स्पिरिटने पुसून एकाच ओढीत त्याचा शेंडा आडवा उडवावा. मग त्याच्या तिन्ही धारांचे कोपरे किंचित तिरके तासावेत. कारण गर सुकताना आत ओढला जातो, साल मात्र ताठ उभी राहते, आणि कोपरे तसेच ठेवले तर ती साल वरच्या गोळ्याला उचलून टाकते. यानंतर खुंटाची आणखी एक पातळ चकती कापून ती जागच्या जागीच राहू द्यावी, म्हणजे गोळा तयार होईपर्यंत खालचा छेद सुकत नाही. गोळ्याचा तळ तसाच सपाट कापला, की चकती बाजूला सारून तो लगेच खुंटावर टेकवावा आणि हलकेच फिरवून मधली हवा काढून टाकावी.

नवशिक्याची चूक होते ती याच क्षणी. गोळा बरोबर मधोमध बसला की डोळ्यांना समाधान होते, परंतु तिधारी खुंटाचे वर्तुळ लहान आणि गोळ्याचे मोठे असेल, तर एका वर्तुळाच्या पोटात दुसरे राहते आणि दोघांची कोठेच गाठ पडत नाही. माझी पहिली कलमे याच कारणाने आठवड्याभरात गळून पडली. गोळा थोडा एका बाजूला सरकवावा, म्हणजे दोन्ही वर्तुळे दोन ठिकाणी एकमेकांना छेदतात, आणि तेवढी भेट पुरेशी होते. मग कुंडीच्या बुडाखालून आणि गोळ्याच्या माथ्यावरून दोन रबरी पट्ट्या फुलीसारख्या चढवाव्यात आणि कुंडी सावलीत ठेवावी. छेदावर पाण्याचा थेंबही पडणार नाही याची खबरदारी घ्यावी. आठ-दहा दिवसांनी पट्ट्या काढल्यावर गोळा टवटवीत आणि घट्ट बसलेला दिसला, तर कलम धरले असे समजावे.

अर्थात हा संसार अक्षय नसतो. वरच्याला पोसता पोसता काही वर्षांत खुंट थकतो. पाणी साचले किंवा कडक थंडी पडली तर त्याआधीही कुजतो. तेव्हा हळहळत न बसता गोळा वेळीच सोडवून नव्या खुंटावर चढवावा. परंतु कलमाचे खरे मोल या रंगीत नवलाईत नाही. मुळाशी कुजू लागलेल्या दुर्मिळ झाडाचा शाबूत शेंडा वाचवायचा, किंवा स्वतःच्या मुळांवर अत्यंत मंदगतीने वाढणाऱ्या जातीचे रोप लवकर फुलावर आणून त्याचे बी धरायचे, तर कलमासारखा उपाय नाही. पिल्ले देणाऱ्या जातींना एवढी तसदीही लागत नाही. पिल्लू अलगद सुटे करावे, आठवडाभर सावलीत सुकवून त्याची जखम भरू द्यावी आणि जाड वाळू व विटांचा चुरा मुबलक घातलेल्या मातीवर नुसते टेकवून ठेवावे.

या विद्येचा एवढा आग्रह मी धरतो, त्याला कारण आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत, कॅक्टसच्या तपासलेल्या जातींपैकी 31 टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले, आणि हौशी संग्राहकांसाठी रानातून होणारी उचल हे त्याचे एक मोठे कारण ठरले. 2020 साली इटलीत चिलीच्या अटाकामा वाळवंटातून चोरून आणलेली हजारांवर कॅक्टसची झाडे जप्त झाली, आणि पुढल्या वर्षी त्यांतील 844 झाडे चिलीला परत रवाना करण्यात आली. ज्या झाडाला मुठीएवढे होण्यास कित्येक दशके लागली, ते एका खुरप्याच्या घावात उपटले जाते.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे, की दुर्मिळ निवडुंग विकत घेताना तो बियांपासून किंवा कलमाने वाढवलेला आहे काय, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे, आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास ते झाड तेथेच ठेवून यावे. घरी असलेल्या झाडाचे पहिले पिल्लू मात्र स्वतःजवळ न ठेवता शेजाऱ्याला द्यावे. आपले झाड कधी दगावले, तर त्याचा वंश शेजारच्या गच्चीवर नांदत असेल.